कलामहर्षी बाबूराव पेंटर

पाठपरिचय

चित्रपट आपण सर्वजण आवडीने पाहतो. पण तो बनवण्यासाठी पहिल्या पिढीतील माणसांनी किती कष्ट घेतले, हे आपल्याला फारसे माहीत नसते. कोल्हापूर शहराला चित्रपटाचे माहेरघर बनवणारे बाबूराव पेंटर यांची ओळख या पाठात करून दिली आहे. त्यांची जिद्द, त्यांचे यश आणि त्यांच्या वाट्याला आलेले एकाकीपण, या तिन्ही गोष्टी लक्षात घेऊन पाठ वाचा.

*

विद्यार्थी मित्रांनो, मलकापूरहून कोल्हापूरला जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही अनेकदा बसला असाल. कोणी दवाखान्याच्या कामासाठी गेला असेल, कोणी ईदच्या कपड्यांसाठी, कोणी पाहुण्यांच्या लग्नाला. कोल्हापुरात तुम्ही रंकाळा पाहिला असेल, राजवाडा पाहिला असेल. पण खरी कॉर्नर या ठिकाणी एक स्तंभ आहे आणि त्यावर कॅमेऱ्याची प्रतिकृती आहे, ती तुमच्या नजरेस पडली आहे का? राजांचे पुतळे आपण गावोगावी पाहतो. कॅमेऱ्याचे स्मारक मात्र क्वचितच दिसते. दर वर्षी १ डिसेंबरला कोल्हापूरचे कलावंत आणि तंत्रज्ञ तेथे जमतात आणि एका कारागिराची आठवण काढतात. त्या कारागिराचे नाव बाबूराव पेंटर.

बाबूरावांचे खरे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. लाकूड, लोखंड, दगड आणि रंग या गोष्टी घरातच होत्या. चित्रकलेच्या कोणत्याही मोठ्या शाळेत ते गेले नाहीत. वडिलांच्या हाताकडे पाहत पाहत ते शिकले. चुलतभाऊ आनंदराव हे त्यांचे सोबती आणि गुरूही.

त्या काळचे कोल्हापूर कलेची कदर करणारे होते. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना, गवयांना आणि चित्रकारांना आश्रय दिला होता. आबालाल रहिमान यांच्यासारखा थोर चित्रकार त्यांच्या दरबारी होता. गल्लोगल्ली कुस्तीच्या तालमी होत्या आणि नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडी नाटकांच्या तालमी चालत. नाटकाला पडदे लागत. राजवाडा, जंगल, नदीचा घाट असे देखावे मोठ्या कापडावर रंगवलेले असत. आनंदराव आणि बाबूराव हे पडदे रंगवू लागले. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श नाटक मंडळीसाठी त्यांनी रंगवलेले पडदे गाजले. पडदा उघडला की लोक नटाच्या आधी देखाव्यालाच टाळ्या देत. लोक या भावांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट प्रदर्शित झाला. दोघा भावांनी तो पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतले, की आपणही चालतेबोलते चित्र काढायचे. ‘बोलते’ हा शब्द तेव्हा नुसता स्वप्नात होता. चित्र चालले तरी पुष्कळ झाले असते. फाळक्यांनी आपला कॅमेरा इंग्लंडहून आणला होता. या भावांकडे तेवढे पैसे नव्हते. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवण्याचे यंत्र विकत घेतले, ते चालवून पाहिले, त्याची रचना समजून घेतली आणि ठरवले, की कॅमेरा आपण स्वतःच बनवायचा.

कॅमेरा बनवणे इतके अवघड का होते, याचा थोडा खुलासा करू. फिल्मची पट्टी कॅमेऱ्यातून एकसारखी सरकत राहिली, तर चित्र पुसट येते. म्हणून प्रत्येक चित्रासाठी ती पट्टी क्षणभर थांबली पाहिजे. त्याच क्षणी भिंगामागची झडप उघडली पाहिजे. झडप मिटताच पट्टी पुढे सरकली पाहिजे. हे सारे एका सेकंदात सुमारे सोळा वेळा घडले पाहिजे आणि तेही हाताने दांडा फिरवून! दातेरी चाकाचा एक दाता जरी केसभर कमीजास्त झाला, तरी पट्टी अडकते किंवा फाटते. अशी चाके कापण्याचे काम कोल्हापुरात कोणी केलेले नव्हते.

दोघे भाऊ झटत राहिले. पण १९१६ मध्ये आनंदराव वारले. काम अर्धवट राहिले. जो माणूस आपला भाऊ, मित्र आणि गुरू होता, तोच गेल्यावर दुसऱ्या कोणी ती लोखंडाची चाके अडगळीत टाकली असती. बाबूरावांनी ती पुन्हा हातात घेतली. त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यंत्रांच्या कामात हुशार होते. दोघांनी प्रयत्नांची शिकस्त केली आणि १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला. त्या कॅमेऱ्याने चित्रे टिपली. कोल्हापूरच्या मातीत, कोल्हापूरच्या हातांनी घडलेला हा कॅमेरा होता.

आता कंपनी हवी होती. गायिका तानीबाई कागलकर यांनी त्यासाठी पैसे पुरवले. शाहू महाराजांचे प्रोत्साहन मिळाले. ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. तेथे काम करणारी माणसे पुढे फार मोठी झाली. दामले होते, कागलचे शेख फत्तेलाल होते, ज्यांना सर्वजण प्रेमाने ‘साहेबमामा’ म्हणत, बाबूराव पेंढारकर होते, आणि १९२० मध्ये पडेल ते काम करायला तयार असलेला एक तरुण आला, त्याचे नाव शांताराम वणकुद्रे. तोच पुढे व्ही. शांताराम म्हणून जगाला माहीत झाला.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. महाभारतातील ही कथा. त्या काळी चांगल्या घरची स्त्री चित्रपटात काम करीत नसे. बहुधा पुरुषच लुगडे नेसून स्त्रीची भूमिका करीत. बाबूरावांनी स्त्रीची भूमिका स्त्रीलाच दिली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पुढे आल्या. त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. तेव्हा त्यांना कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. चित्रपटाचे कौतुक करताना या दोघींच्या धैर्याची आठवण आपण ठेवली पाहिजे.

‘सैरंध्री’मध्ये भीम कीचकाला मारतो, असा प्रसंग होता. तो इतका हुबेहूब वठला होता, की सरकारला तो खुपला. याच कथेवरचे ‘कीचकवध’ हे खाडिलकरांचे नाटक इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंद केले होते, कारण लोक कीचकाच्या जागी जुलमी राज्यकर्त्याला पाहत होते. चित्रपटातील प्रसंगालाही कात्री लागली. पण लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक दिले आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

बाबूरावांनी चित्रपटात काय नवे आणले? पहिली गोष्ट नेपथ्याची. आयुष्यभर पडदे रंगवलेल्या या माणसानेच रंगवलेले पडदे दूर केले! कॅमेऱ्याला सपाट पडदा खोटा दिसतो, हे त्यांनी ओळखले. त्यांनी खांब, जिने, दालने प्रत्यक्ष उभी केली. दुसरी गोष्ट प्रकाशाची. त्या काळी चित्रीकरण उन्हातच होई. ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटात रात्रीचे प्रसंग टिपण्यासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. तिसरी गोष्ट तयारीची. चित्रीकरणाआधी ते दृश्यांची चित्रे काढीत, पात्रांचे पोशाख स्वतः ठरवीत. चौथी गोष्ट जाहिरातीची. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके त्यांनी स्वतः रंगवली. आज रस्त्यावर तुम्ही चित्रपटाचे जे पोस्टर पाहता, त्याच्या आपल्या देशातील इतिहासात बाबूरावांचे नाव अगदी सुरुवातीला येते. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या चित्रपटाला लंडनच्या वेंब्ले येथील प्रदर्शनात पदक मिळाले.

मित्रांनो, आता एका वेगळ्या चित्रपटाकडे वळू. १९२५ मध्ये बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांची होती. यात देव नव्हते, राक्षस नव्हते, राजे नव्हते. होता एक साधा शेतकरी. सावकाराच्या कर्जात त्याची जमीन जाते. गाव सोडून तो शहरात येतो आणि गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याची भूमिका तरुण शांताराम यांनी केली. अंधारी झोपडी आणि बाहेर आभाळाकडे तोंड करून रडणारे कुत्रे, हे यातील दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात कायमचे राहिले. चित्रपट मुका होता, तरी ते रडणे ऐकू आल्यासारखे वाटे.

ही कथा खोटी नव्हती. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. हा उठाव आजूबाजूच्या गावांत पसरला. उठाव करणाऱ्यांचा मुख्य रोख धान्यावर किंवा सोन्यावर नव्हता. त्यांनी कर्जाचे दस्तऐवज शोधले आणि जाळले. असे का? कारण त्या कागदावर काय लिहिले आहे, हे त्यांना वाचता येत नव्हते. पण त्याच कागदाने आपली जमीन जाते, हे कळत होते. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी सरकारला कायदा करावा लागला. तरीही सावकाराचा पाश सुटला नाही. म्हणून पन्नास वर्षांनंतरही बाबूरावांना त्यावर चित्रपट काढावासा वाटला.

आज हा चित्रपट भारतातील वास्तववादी चित्रपटांचा आरंभ मानला जातो. पण तेव्हाच्या प्रेक्षकांनी त्याला पाठ दाखवली. चमत्कार पाहण्यासाठी पैसे देणाऱ्या लोकांना स्वतःचेच दुःख पडद्यावर पाहवले नाही. चित्रपटाने पैसा मिळवला नाही. बाबूरावांना काय वाटले असेल, याची कल्पना करा. तरीही ही कथा त्यांनी सोडली नाही. १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ त्यांनी पुन्हा बनवला, या वेळी आवाजासह.

बाबूरावांच्या स्वभावात एक गोष्ट होती. काम मनासारखे झाल्याशिवाय ते पुढे जात नसत. मनाची लहर लागली तर झपाट्याने काम करीत. लहर नसली तर दिवस तसेच जात. कलेच्या दृष्टीने हा गुण असेल, पण कंपनीला दर महिन्याला पगार द्यावे लागतात. शिष्य आता शिकून तयार झाले होते. त्यांना स्वतःच्या कल्पना होत्या. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडली आणि सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलावर कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ सुरू केली. ज्या दामल्यांनी गुरूबरोबर कॅमेरा घडवला, तेच गेले. एकाच शहरात गुरूची कंपनी ओस पडू लागली आणि शिष्यांची कंपनी गजबजू लागली.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट आला. मूकपटांचे दिवस संपले. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्याच सुमारास बंद पडली. १९३२ मध्ये प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला, तोही कोल्हापुरात. ‘चालतेबोलते चित्र’ हे बाबूरावांचे स्वप्न पूर्ण झाले. परंतु ते त्यांच्या हातून नव्हे, त्यांच्या शिष्यांच्या हातून.

यानंतर बाबूरावांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे काही बोलपट काढले. पण त्यांची स्वतःची कंपनी पुन्हा उभी राहिली नाही. ते पुष्कळ वेळ रंग आणि माती यांच्या संगतीत घालवू लागले. चित्रे काढू लागले, शिल्पे घडवू लागले. १९४७ मध्ये शांताराम यांच्या संस्थेने ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला. त्याचे दिग्दर्शक म्हणून गुरू आणि शिष्य या दोघांची नावे पडद्यावर आली. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूरावांचे निधन झाले.

मग त्यांच्या हाती काय उरले, असे तुम्ही विचाराल. त्या काळची फिल्म लवकर पेट घेणारी आणि लवकर कुजणारी असे. भारतात तयार झालेल्या शेकडो मूकपटांपैकी फारच थोडे शिल्लक आहेत. बाबूरावांच्या पुष्कळशा कामाचीही तीच गत झाली. पण कारागिराची खरी दौलत त्याने तयार केलेले कारागीर असतात. दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ (१९३६) बनवला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची निवड झाली. कागलच्या साहेबमामांनी देहूच्या तुकोबांचे जीवन पडद्यावर उभे केले, ही आपल्या मातीची रीत आहे. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’सारखे चित्रपट दिले. प्रभातचा पुण्याचा स्टुडिओ जेथे होता, तेथेच १९६० मध्ये चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था सुरू झाली. हे सारे धागे मागे मागे ओढत गेलो, तर ते कोल्हापुरातील त्या हाताने घडवलेल्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतात.

मित्रांनो, या पाठातून तुमच्यासाठी दोन गोष्टी घ्या. पहिली गोष्ट हाताची. तुमच्यापैकी कोणाचे वडील सुतार असतील, कोणाचे गॅरेज असेल, कोणाचा रंगकामाचा धंदा असेल. त्या कामाची लाज बाळगू नका. बाबूरावांची शाळा तीच होती. दुसरी गोष्ट डोळ्यांची. ‘सावकारी पाश’मधल्या शेतकऱ्याची आठवण ठेवा. जमिनीचा सातबारा, बँकेचा अर्ज, तहसीलदार कचेरीची नोटीस हे सारे आपल्या राज्यात मराठीत असते. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाने मराठी नीट शिकली, तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना कोणत्याही कागदावर न वाचता अंगठा उठवावा लागणार नाही. तुमच्या हातातले हे पुस्तक त्यासाठीही आहे.

पुढच्या वेळी कोल्हापूरला गेलात, तर त्या कॅमेऱ्यासमोर क्षणभर थांबा.

*

शब्दार्थ

नेपथ्य – रंगमंचावरील किंवा चित्रपटातील देखाव्याची सजावट
मूकपट – आवाज नसलेला चित्रपट
बोलपट – आवाज असलेला चित्रपट
हुबेहूब – अगदी खऱ्यासारखे
भित्तिपत्रक – भिंतीवर लावायचे जाहिरातीचे चित्र
पाश – फास, बंधन
वास्तववादी – जसे असते तसे दाखवणारा
भांडवल – धंद्यात घातलेला पैसा

वाक्प्रचार

मनाने घेणे – एखादी गोष्ट करण्याची तीव्र इच्छा होणे
वाळीत टाकणे – समाजाबाहेर काढणे
पाठ दाखवणे – दूर जाणे, नाकारणे
ओस पडणे – रिकामे, निर्जन होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बाबूरावांचे मूळ आडनाव काय होते?
(आ) महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी कोणी पैसे पुरवले?
(इ) लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना कोणती पदवी दिली?
(ई) ‘साहेबमामा’ कोणाला म्हणत?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कॅमेऱ्यातील फिल्म क्षणभर का थांबावी लागते?
(आ) गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना कंपनीच्या आवारात का राहावे लागले?
(इ) सुप्याच्या शेतकऱ्यांनी दस्तऐवज का जाळले?

प्र. ३. सात-आठ वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बाबूरावांनी चित्रपटात कोणत्या नव्या गोष्टी आणल्या?
(आ) ‘सावकारी पाश’ हा चित्रपट तेव्हा का चालला नाही आणि आज का महत्त्वाचा मानला जातो?

प्र. ४. वर्गात चर्चा करा.
‘काम मनासारखे झाल्याशिवाय पुढे न जाणे’ हा बाबूरावांचा गुण होता की दोष? शिष्यांनी कंपनी सोडली, ते योग्य होते का? दोन्ही बाजूंनी बोला.

भाषाभ्यास

काही शब्द उर्दूत आणि मराठीत सारखेच दिसतात, पण त्यांचा अर्थ वेगळा असतो. असे शब्द जपून वापरावेत.
तालीम – उर्दूत ‘शिक्षण’. मराठीत ‘आखाडा’ किंवा ‘नाटकाचा सराव’.
शिकस्त – उर्दूत ‘पराभव’; मराठीत ‘प्रयत्नांची शिकस्त करणे’ म्हणजे सर्व शक्तीने प्रयत्न करणे.
खुलासा – उर्दूत ‘सारांश’, मराठीत ‘स्पष्टीकरण’.
राजीनामा – उर्दूत ‘समझोत्याचा कागद’. मराठीत ‘नोकरी किंवा पद सोडल्याचा कागद’.

प्र. ५. वरील प्रत्येक शब्द मराठी अर्थाने वापरून एकेक वाक्य लिहा. पहिले तीन शब्द पाठात शोधून अधोरेखित करा.

उपक्रम

आपल्या गावातील एखाद्या जुन्या कारागिराला भेटा. तो काम कोणाकडून शिकला आणि त्याने कोणाला शिकवले, हे विचारा. दहा ओळींत मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.